दोन दातांमधला छोटा ब्रश: हिरड्यांतून रक्त येत असेल तर जरूर घ्या, पण मापाचा घ्या

इंटरडेंटल ब्रश हे नाव लांबलचक, वस्तू मात्र अगदी लहान. बारीक तार, तिच्याभोवती नायलॉनचे आखूड केस आणि चिमटीत धरायला प्लॅस्टिकची दांडी. नेहमीचा ब्रश दातांच्या पुढून, मागून आणि वरून फिरतो. हा दोन दातांच्या मधल्या फटीत, हिरडीला अगदी लागून, आरपार जातो. हिरड्यांतून रक्त येत असेल आणि घरी रोज करण्यासारखी एकच नवी गोष्ट सुरू करायची असेल तर हा ब्रश घ्या, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. मात्र आधी हिरड्या तपासून घ्या आणि ब्रशचं माप तिथेच ठरवून घ्या. मापाशिवाय घेतलेला ब्रश डब्यात पडून राहतो.

मी इंदूरला डबे देते. घर लोकमान्य नगरात, आणि डबे बरेचसे भंवरकुआँच्या बाजूला, कोचिंगसाठी आलेल्या मुलांकडे जातात. दिवसभर आमटी चाखा, भाजीचं मीठ बघा, हेच काम, त्यामुळे तोंडात जरा काही बिघडलं की माझा धंदाच अडतो. गेल्या थंडीत पेरू चावल्यावर पांढऱ्या गरावर लाल रेघ उमटलेली दिसली. मग दात घासून चूळ थुंकली की बेसिनमध्येही लाल. दुखत काहीच नव्हतं. हिरड्यांचा आजार फार पुढे जाईपर्यंत दुखत नाही, आणि म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं तो अंगावर काढतात.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘रक्त येतंय ना, मग काही दिवस ब्रश लावूच नका, नुसतं बोट फिरवा.’ कोणी तुरटीचं पाणी सांगितलं, कोणी लवंगेचं तेल. मेडिकलवाल्याने न विचारताच गोळ्यांची पट्टी पुढे केली, ‘आंटीजी, विटामिन सी की कमी है, ये ले जाओ।’ क जीवनसत्त्व अगदीच कमी पडलं तर हिरड्यांतून रक्त येतं हे खरं आहे. पण ज्या घरात रोज लिंबू, कोथिंबीर, आवळा, पेरू पोटात जातो तिथे पहिला संशय त्याच्यावर घेण्याचं कारण नाही. मला गोळी नको होती, कारण हवं होतं.

हिरड्यांचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना पीरियोडॉन्टिस्ट म्हणतात. बी.डी.एस.नंतर तीन वर्षांचं एम.डी.एस. ते याच विषयात करतात. मी गेले त्या डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाच्या, मराठीच. दवाखान्याची जाहिरात करायची नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण त्यांनी तपासलं कसं ते लिहिलं पाहिजे, कारण चांगला दवाखाना ओळखायची तीच खूण आहे. त्यांनी आधी मशीन हातात घेतलं नाही. काळ्या रेघांच्या खुणा असलेली एक बोथट सळई घेतली आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी, दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत अलगद टेकवत गेल्या. शेजारी मदतनीस मुलगी आकडे लिहीत होती. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. उजवीकडच्या वरच्या दाढांशी आल्यावर आकडे बदलले. चार, पाच, रक्त. पाच, चार, रक्त. तीन मिलिमीटरपर्यंतची खाच निरोगी समजतात. चार किंवा त्याहून जास्त भरलं तर हिरडी दातापासून सुटायला लागली असावी, नाहीतर सुजून वर आली असावी. नेमकं काय झालंय ते बघायला त्यांनी एक्स-रे काढला. दातांना धरून ठेवणारं हाड जेमतेम झिजायला लागलं होतं.

‘काकू, ब्रश लागतो म्हणून रक्त येत नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘हिरडी आधीच सुजलीय, म्हणून ब्रश लागला की येतंय.’ सूज येते ती दातांवर रोज बसणाऱ्या चिकट थरामुळे. त्याला प्लाक म्हणतात, आणि त्यात जिवाणूंची वस्ती असते. शरीर त्यांच्याशी झगडायला तिथे जास्त रक्त पाठवतं, नाजूक रक्तवाहिन्या फुगतात आणि हिरडीचं आतलं अस्तर पातळ होतं. मग नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. आपलं इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून रस्ते कसे झाडले जातात ते आपण बघतोच, पण दोन घरांमधली बोळ कुणी झाडलीच नाही तर दुर्गंधी तिथूनच येणार. दातांच्या फटी म्हणजे त्या बोळी. नेहमीच्या ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत, आणि हिरड्यांची सूज बहुतेकांना तिथूनच सुरू होते.

वहिनींचा सल्ला मी डॉक्टरांना सांगितला तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलंय. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूसच्या दंतवैद्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येतंय म्हणून घासणं सोडणं हा त्याच प्रयोगाचा पहिला अर्धा भाग झाला. माणूस सोडून देतो, थर वाढतो, रक्त आणखी येतं, आणि तो आणखी घाबरतो. हे चक्र मोडायला धीर लागतो, म्हणून मी हे इतकं लांबण लावून सांगतेय.

पण ब्रशने सगळं होत नाही. थर बरेच दिवस राहिला की लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे तो दगडासारखा घट्ट होतो. त्याला टार्टर म्हणतात. तो नखाने, मंजनाने, ब्रशने, कशानेही निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला तो जास्त साचतो, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. तुम्हीही जीभ फिरवून बघा, खालच्या दातांच्या आत खरबरीत लागतंय का. तो काढायला स्केलिंग करावं लागतं. माझं दोन बैठकांत झालं, खाचा खोल होत्या तिथे बधिर करून आतूनही साफ केलं. त्यानंतर थोडे दिवस थंड पाणी लागलं की शिणशिण व्हायची. ती आपोआप गेली. ‘मशीन लावलं की दात हलतात’ असं आमच्याकडे सर्रास म्हणतात, त्याबद्दल मी मुद्दाम विचारलं. मशीनचं टोक सूक्ष्म कंपनांनी टार्टर फोडतं, सोबत पाण्याचा फवारा असतो. टार्टर निघाला आणि सूज उतरली की फटी उघड्या दिसतात आणि माणसाला वाटतं दात विरळ झाले. आधीच हाड झिजलेला दात टार्टरच्या आधाराने घट्ट वाटत असेल, तर तो हलतोय हे तेव्हा कळतं इतकंच.

माउथवॉशबद्दल थोडं, कारण माझ्या धंद्यात ते महत्त्वाचं ठरलं. ०.२ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडीन दोन आठवड्यांसाठी लिहून दिलं होतं. १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, आणि पेस्टने दात घासल्यावर किमान अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधल्या फेस करणाऱ्या पदार्थाने त्याचा असर कमी होतो. औषध चांगलं आहे, पण त्याने चव बदलते, आणि खारट चव तर फारच. माझी आमटी मला अळणी लागायला लागली. त्या दिवसांत मीठ बघायचं काम मी सुनेवर सोपवलं आणि तिने ते चोख केलं. स्वयंपाकाच्या धंद्यातल्या बायकांनी हे आधीच लक्षात ठेवावं. चहा जास्त पिणाऱ्यांच्या दातांवर त्याचे तपकिरी डागही पडतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर ते बंद करायचं. बाटली न्हाणीघरात कायमची ठेवायची गोष्ट ती नव्हे.

आता ब्रश. माप ठरवणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. या ब्रशांना ० ते ८ असे आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात. काही कंपन्या रंगही ठरवून देतात. स्वीडनमधल्या माल्मोची टेपे कंपनी १९६५ पासून दातांची साधनं बनवते, तिच्यात गुलाबी ०.४ मिलिमीटरचा, नारिंगी ०.४५, लाल ०.५, निळा ०.६, पिवळा ०.७, हिरवा ०.८, आणि पुढे जाडे. दुसऱ्या कंपनीचा लाल तोच असेल असं नाही, म्हणून पाकिटावरचा आकडा बघा. डॉक्टरांनी माझ्या प्रत्येक फटीत वेगवेगळे ब्रश घालून पाहिले. पुढच्या दातांना गुलाबी बसला, दाढांना निळा. केस दोन्ही दातांना टेकले पाहिजेत, पण तार दाताला घासता कामा नये आणि ढकलावंही लागू नये. ढिला ब्रश नुसता ये-जा करतो, साफ काही करत नाही. घट्ट ब्रश हिरडीला इजा करतो. पुढच्या दोन फटींत माझा गुलाबीही जात नव्हता. तिथे त्यांनी फ्लॉसचा दोरा वापरायला सांगितला, आणि तेच बरोबर आहे.

वापरायची पद्धत अशी. रात्री, नेहमीचा ब्रश करायच्या आधी, आरशासमोर उजेडात उभं राहायचं. पेस्ट लावायची नाही, ब्रश नुसता ओला करायचा. पुढच्या दातांत तो सरळ आत जातो. हिरडीचं टोक दोन दातांमध्ये त्रिकोणासारखं असतं, त्याच्या लगेच बाजूने हळूच सरकवायचा. वरच्या जबड्यात टोक जरासं खाली आणि खालच्या जबड्यात जरासं वर ठेवून घातला की हिरडीला टोचत नाही. आत गेल्यावर पूर्ण लांबीने दोन-चार वेळा आत-बाहेर करायचा. गोल फिरवायचा किंवा पिळायचा नाही. दाढांकडे जाताना तोंड मोठं उघडू नका. उघडलं की गाल ताणला जातो आणि हात शिरत नाही. तोंड अर्धवट मिटून गाल सैल सोडला की जागा होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, करता करता उमगलं. प्रत्येक फटीनंतर ब्रश नळाखाली धरायचा. पहिल्याच रात्री त्यावर काय निघालं ते बघून माझ्या सुनेने दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी चौकशी केली. सकाळी पोह्यांवर घातलेली शेव रात्रीपर्यंत दाढांत बसलेली असते, भुट्ट्याच्या किसातली सालं तर विचारू नका. आपल्या इंदूरच्या खाण्याला हा ब्रश लागतोच लागतो.

सुरुवातीला रक्त येतं, आणि घाबरून थांबायचं नाही ते इथेच. माझं पहिल्या आठवड्यात दाढांशी रोज येत होतं, मग कमी होत गेलं आणि थांबलं. मऊ केसांचा नेहमीचा ब्रशही हिरडीच्या कडेकडे तिरका धरून, छोट्या हालचालींनी, दोन मिनिटं. कडक ब्रशने खसखसून घासणाऱ्यांच्या हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळं उघडी पडतात.

उणिवाही सांगते. तार वाकते, आणि एकदा कडक वाकली की तिथेच तुटते. म्हणून वाकवायची असेल तर बोटाने हलकी कमान द्यायची, कोन करायचा नाही. एक ब्रश आठवडाभर, फार तर थोडा जास्त चालतो, केस पिंजारले की टाकावा लागतो. म्हणजे खर्च सतत आहे आणि प्लॅस्टिकचा कचराही. ऑनलाइन एका दुकानातून स्वस्त म्हणून मागवलेल्या पाकिटातली तार उघडी होती. भरलेल्या दाताला लागली की झिणझिणी यायची. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तारच घ्या. आणि हा ब्रश हिरडीच्या खाली साधारण दोन-अडीच मिलिमीटरपर्यंतच पोचतो, त्याहून खोल खाच झाली असेल तर घरचा कोणताच उपाय पुरणार नाही. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०१९ च्या आढाव्यात नुसत्या दात घासण्याच्या जोडीला असे ब्रश वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होते असं दिसलं, पण पुरावा फार भक्कम नाही असंही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. मी माझ्या तोंडापुरतं बोलू शकते, आणि माझ्या तोंडात फरक पडला.

घरातल्यांचंही सांगते, कारण रक्ताची कारणं प्रत्येकाची वेगळी निघाली. सासूबाई लाल मंजन लावतात, कित्येक वर्षांपासून. त्या मंजनात गेरू असतो. थुंकी आधीच लाल, मग त्यात रक्त मिसळलं तरी कळणार कसं? डॉक्टरांनी पांढऱ्या पेस्टवर आणलं तेव्हा खरं चित्र दिसलं. शिवाय त्यांच्या हिरड्या पुढच्या दातांवर फुगून चढल्या होत्या. त्या बी.पी.साठी ॲम्लोडिपिन घेतात, आणि त्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हिरड्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, बी.पी.च्या डॉक्टरांनी गोळी बदलली. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. त्याने रक्त जास्त वेळ येतं, पण गोळी स्वतःहून थांबवणं जिवावर बेतू शकतं.

भावजींची गोष्ट उलटी. ते विडी ओढतात आणि अभिमानाने म्हणायचे, ‘माझ्या हिरड्यांतून थेंबभर रक्त येत नाही, वहिनी.’ मी त्यांना ओढत नेलं. सळई सहा-सात मिलिमीटर आत गेली. तंबाखूतल्या निकोटिनने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त येत नाही, म्हणजे धोक्याची घंटाच वाजत नाही. आत हाड झिजत राहतं. ज्यांच्या घरी विडी, गुटखा, तंबाखू आहे त्यांनी रक्ताची वाट बघू नये, तसंच तपासून घ्यावं. आमच्या ह्यांना साखर आहे. साखर चढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरायला अवघड जाते. दोन्ही एकमेकांना धरून आहेत, म्हणून ह्यांच्या साखरेच्या तपासणीबरोबर आता दातांची तपासणीही ठरलेली आहे.

काही वेळा मात्र दातांच्या डॉक्टरांपर्यंतही थांबू नये. काही न लागता रक्त गळत असेल, थांबत नसेल, सोबत अंगावर निळे-जांभळे डाग, नाकातून रक्त, ताप किंवा फार थकवा असेल तर त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्या. प्लेटलेट कमी असण्यापासून रक्ताच्या कॅन्सरपर्यंत काहीही असू शकतं, आणि डेंग्यूच्या दिवसांत तर अजिबात उशीर नको. गरोदर बायकांच्या हिरड्या हार्मोनमुळे सुजतात. त्यांना स्केलिंग चालतं, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खासगी दवाखान्याचा खर्च जड जात असेल तर एम. वाय. हॉस्पिटलच्या जवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांवर उपचार होतात. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात, त्यामुळे वेळ जातो. सकाळी लवकर जावं.

फेरतपासणीत माझ्या दाढांचे पाच-चारचे आकडे तीनवर आले आणि सळई लावल्यावर एका जागी सोडून कुठेच रक्त आलं नाही. त्या एका जागेसाठी माझा निळा बदलून पिवळा दिलाय. सूज उतरली की फट मोठी होते आणि जुना ब्रश ढिला पडतो, हे लक्षात घेऊन सुरुवातीला लहान पाकीटच घ्या. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून एकदम घेतलं तर निम्मे ब्रश तुमच्या मापाचे राहणार नाहीत.